बक्कल नंबर चारशे सतरा

भाईदासनं आपलं नाव छापलेलं आजवर कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते एका मेलेल्या माणसाच्या नावाखाली. तामसखेड्याच्या मोटार स्टँडच्या भिंतीवर गुलाबी कागद चिकटवला होता. नगरपालिकेचे माजी अध्यक्ष कै. पुखराजशेठ यांच्या पहिल्या पुण्यतिथीला, त्यांच्याच इच्छेप्रमाणं, जमावापुढं काठी न उचलता शांतता राखणाऱ्या पोलिसाला चांदीचं पदक देण्यात येईल. सन एकोणपन्नासच्या धान्य दुकानाच्या प्रसंगाबद्दल पहिल्या पदकाचे मानकरी, शिपाई भाईदास, बक्कल नंबर ४१७. खळ अजून ओली होती आणि जिनिंगमधून उडत आलेला कापूस तिला चिकटत होता. भाईदासनं कागद दोनदा वाचला, मग इकडंतिकडं पाहिलं, आणि तिसऱ्यांदा वाचला. आनंद झाला असं म्हणवत नाही. झालं ते असं, की उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत एक झिणझिणी गेली. काठी हाडावर बसली की मारणाऱ्याच्या हातात जी येते तीच. चार वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली होती, आणि जिच्यामुळं आली ती गोष्ट तिथून चाळीस पावलांवर चहाची गाडी लावून उभी होती. जीवराम डाव्या हाताच्या कोपरात किटली अडकवून उजव्या हातानं कप विसळत होता. डावं मनगट वाकडं जुळलेलं, मूठ मिटत नाही. भाईदास रोज त्या गाडीवरून फेरी मारायचा आणि रोज नजर समोरच्या लिंबावर ठेवायचा. आज लिंबसुद्धा त्याला नकोसा झाला.

चूक कुठं झाली ते त्याला उभ्या उभ्या कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण पोलिसाला कळतं. पोलिसाला नाव असतं ते घरात आणि लग्नपत्रिकेत. ठाण्यात तो म्हणजे पट्ट्यावरचा पितळी बिल्ला आणि त्यावरचा आकडा. हजेरीला आकडा, ड्यूटीच्या फळ्यावर आकडा, साहेबाच्या शिवीच्या पुढं आकडा. लोकही काही नाव विचारत बसत नाहीत. तक्रार करायची तर आकडा लक्षात ठेवतात. आणि माणूस नोकरीतून गेला की आकडा मोकळा होतो आणि नव्या भरतीतल्या कुणाच्या तरी पोटावर जाऊन बसतो. पुखराजशेठनं आपल्या वहीत लिहून ठेवलं असणार चारशे सतरा. शेठ गेल्यावर पुण्यतिथी समितीच्या लोकांनी वही उघडली असणार आणि जिल्ह्याच्या कचेरीला पत्र टाकलं असणार, की चारशे सतरा कोण. कचेरीतल्या कारकुनानं रजिस्टर पाहून इमानेइतबारे उत्तर दिलं. साल कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. एकोणपन्नास साली भाईदास धुळ्याच्या अलीकडं आपल्या गावात बैलामागं चालत होता. पोलिसात तो भरती झाला एक्कावन्नला.

भरती झाला तो दिवस त्याला आजही अंगावरच्या कपड्यासारखा आठवत होता. कोठारातल्या हवालदारानं बिल्ल्यांच्या डब्यात हात घातला, एक बाहेर काढला, आकडा पाहिला आणि हसला. "घे. भ्याडाचा नंबर तुझ्या वाट्याला आला. जरा सांभाळून रहा." बाकीची पोरंही हसली. भाईदासनं विचारलं तेव्हा कळलं ते एवढंच, की याआधीचा चारशे सतरा तामसखेड्यात जमावाला घाबरला, काठी टाकून खाली बसला आणि नोकरीला मुकला. पुढं कवायतीत पाऊल चुकलं की उस्ताद म्हणायचा, "काय रे चारशे सतरा, बसतोस काय खाली?" पंचवीस वर्षांच्या जवानाला हे ऐकणं सोपं नसतं. त्यानं मनाशी ठरवून टाकलं की हा आकडा आपण धुऊन काढायचा. आणि धुऊन काढायचा म्हणजे काय, तर मारायचं. इतर जण एक काठी घालतील तिथं आपण तीन. बाजारच्या दिवशी, जत्रेत, तमाशाच्या तंबूबाहेर त्यानं हात सैल सोडला. दोन वर्षांत त्याला कुणी भ्याड म्हणेनासं झालं. मग चोपन्न साली जिनिंगच्या कामगारांनी संप केला, फाटकासमोर बसले, आणि काठी चालवायचा हुकूम झाला. लोक उठून पळायला लागले होते. एक जण पळत नव्हता, कारण त्याच्या पायात कापसाच्या गठड्याची दोरी अडकली होती, आणि तो ती सोडवत होता. भाईदासला ती दोरी दिसली होती. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, लताबाईलाही नाही. दोरी दिसली होती, आणि तरी त्यानं काठी घातली. त्या माणसानं डोकं वाचवायला हात वर केला होता. शेऱ्याच्या पुस्तकात त्याला 'चांगली कामगिरी' असं मिळालं.

आणि आता त्याच आकड्याला काठी न उचलल्याबद्दल चांदीचं पदक. देवाला थट्टा सुचते, पण इतका वेळ काढून तो ती भाईदासशीच का करील, हे त्याला समजेना. तो तसाच ठाण्यात गेला. फौजदार साहेब दोन वर्षांपूर्वी नाशिककडून बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त कोणतीही गोष्ट दोनदा उलगडायचा त्यांना कंटाळा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात घातला आणि म्हणाले, "नंबर तुझाच ना?"

"नंबर माझा, साहेब. काम माझं नाही."

"मग पुढं हो आणि घे. पदक चारशे सतराला आहे. खात्यात माणसं येतात नि जातात. डीएसपी साहेब स्वतः येणार आहेत, आणि हवालदाराच्या यादीत तुझं नाव वर आहे. हे दोन्ही एकाच दिवशी त्यांच्या डोळ्यांपुढं आलं तर काय बिघडलं?"

"पण ज्यानं केलं त्याला काढून टाकलं, साहेब. त्याच कामासाठी."

फौजदारांनी विड्याची पिंक खिडकीबाहेर टाकली. "हे बघ, ते तू बोललास नि मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "खात्यानं ज्याला काढला त्याचाच सत्कार खात्यानं करायचा? उद्या वर्तमानपत्रवाले विचारतील, काढला कुणी. कशाला चिखलात पाय घालतोस. मुकाट्यानं घे नि जा."

घरी लताबाईनं कागद कुणाकडून तरी आणून देवाच्या फळीवर ठेवला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण शेजारणीनं तिला बोट ठेवून नाव दाखवलं होतं, आणि ती जागा तिनं कुंकवानं खुणावली होती. "तुमनं नाव छापेल शे," ती म्हणाली. "हवालदार व्हयनात की आपले दोन खोल्या भेटतीन. एक खोलीमां पाच जणं, मी तं थकी गऊ." तिचं खरं होतं. पोलीस लाइनीतल्या त्या एका खोलीत चूल, अंथरुणं, तीन लेकरं आणि भाईदासचे बूट एकमेकांना खेटून राहत होते. जेवताना भाकरी त्याच्या तोंडात फिरत राहिली. एका दिवसाची रजा त्यानं दुसऱ्या दिवशी मागून घेतली, आणि कारण विचारल्यावर सांगितलं की सावद्याला आजारी मामा आहे. सावद्याला त्याचं कुणी नव्हतं. तिथं सुपडू होता. आधीचा चारशे सतरा सावद्याच्या स्टेशनावर केळीच्या वखारीत राखण करतो, एवढं ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या जमादाराला माहीत होतं.

जळगावपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. गाडीत त्यानं साधे कपडे घातले होते आणि सारखा कमरेला हात जात होता, बिल्ला नसलेल्या जागी. त्याला सुपडूचा राग येत होता. सात वर्षं येत होता. या माणसानं त्या दिवशी एक काठी घातली असती तर आपल्याला एवढ्या घालाव्या लागल्या नसत्या, असा काहीतरी हिशेब मनात घर करून होता, आणि तो हिशेब खोटा आहे हे कळत असूनही मोडवत नव्हता. दोरी सुपडूनं दाखवली नव्हती. काठी सुपडूनं घातली नव्हती. भुसावळ मागं पडलं, दोन्ही बाजूंना केळीचे बाग सुरू झाले, आणि भाईदासला पहिल्यांदा भीती वाटली. समोर गेल्यावर हा माणूस काय म्हणेल याची नाही. तो कसा दिसत असेल याची. खरंच भ्याड दिसला तर बरं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

वखारीत रेल्वेच्या वाघिणी भरायचं काम चाललं होतं. केळीच्या घडांखाली सुकी पानं अंथरली जात होती आणि हिरव्या चिकाचा वास भरून राहिला होता. सुपडू पन्नाशीचा, उंच, थोडा पोक आलेला, डोक्याला मळकट पंचा. भाईदासनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग आकडा सांगितला. सुपडूनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुणी सोयरा बऱ्याच दिवसांनी भेटावा तसा तो थोडासा हसला आणि त्याला वखारीमागच्या आपल्या खोलीत घेऊन गेला. बायको बेबाबाई दारातच ज्वारी पाखडत होती. भाईदासनं खिशातला कागद काढून वाचून दाखवला. स्वतःचं नाव त्यानं घाईनं वाचून टाकलं.

"शेठनी ध्यानमां ठेवं," सुपडू म्हणाला. "इतला वरीस." त्यानं कागदावरच्या शेठच्या नावावरून बोट फिरवलं. भाईदासनं विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं. "काय व्हनार? दुकानना दार बंद. बाया सकायपासून लाइनमां. माल मागना दारनी गया अशी बोंब उठनी, तं बठ्ठा लोक पुढे सरकनात. फौजदारनी हुकूम दिधा. मन्हा समोर एक बाई व्हती, रिकामी पिशवी डोकावर धरीसन उभी, ऊनपायी. मी इचार करा नही, भाऊ. माले वाटनं, आठे मारानं काम नही शे. काठी खाले ठेई दिधी. म्हनं, बठ्ठा खाले बसा, मीबी बसस. आनि बसनू."

"मग?"

"मंग बठ्ठा बसनात. शेठ किल्ल्या लई उनात. संध्याकायलोंग माल वाटा. कोनले खरचटनं सुद्धा नही. आठ दिवसमां माले कागद उना."

भाईदास म्हणाला की पदक तुमचं आहे, मी समितीला सांगतो. सुपडूनं मान हलवली. "तू ली ले. माले आते त्यानं काय करनं शे? तुले पोरंसोरं शेत, तुन्ही नोकरी शे." तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. भाईदासला मोकळं वाटायला हवं होतं. ज्याचं आहे त्यानंच घे म्हटल्यावर बाकी काय उरतं? तो उठायच्या बेतात होता, तेवढ्यात बेबाबाईनं सूप खाली ठेवलं. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती.

"चांदी तुम्हले ठेवा, भाऊ," ती म्हणाली. "आमना घरमां ती ठेवाले कपाट नही. पन यास्ना कागदवर एक शबद लिखेल शे. भ्याडपना. दोन जागे काम मांगं, दोन्ही जागे तो कागद मांगा. आमना पोऱ्यानी सोयरीक मोडनी त्या शबदपायी. पोरीना बाप म्हने, भ्याडना घर मी पोर देत नही. तुमना चांदीना बिल्लाघाई तो शबद पुसाई जाई का? जात व्हई तं तेवढं करा. नही तं चहा पी ल्या आनि जा."

चहा प्यायल्याशिवाय सुटका नव्हती. भाईदासनं तो प्यायला, आणि पिताना त्याच्या ध्यानात आलं की हा शब्द या घरात नऊ वर्षं राहतोय, आणि आपल्याकडं सात. सुपडूनं तो कुणावर टाकला नाही. आपण तो जीवरामच्या मनगटावर उतरवला. परतीच्या गाडीत त्यानं खिडकीला डोकं टेकवलं. सकाळचा राग त्यानं पुन्हा शोधून पाहिला; तो नव्हता. त्याच्या जागी एक जड, शांत गोष्ट येऊन बसली होती आणि ती काही केल्या हलणार नव्हती. ठरवलं असं त्याला वाटलं नाही. ठरून गेलेलं त्याला सापडलं.

लताबाईला त्यानं त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. दोरीसुद्धा सांगितली. ती चुलीपुढं पाठमोरी बसली होती, आणि दोरीचं ऐकल्यावर तिचा हात थांबला. भाकरी करपल्याचा वास आला तशी तिनं ती उलटली. पुढची भाकरी थापत म्हणाली, "मी रोज त्यानाच गाडीवरथून जास. तो माले वैनी म्हनस." मग आणखी एक भाकरी झाल्यावर, "दोन खोल्या नहीत तं नहीत. पन बोलनंच व्हई तं बठ्ठं बोला. अर्धं बोलीसन घर येऊ नका." तिनं फळीवरचा कागद काढला नाही, पण दुसऱ्या दिवशी कुंकवाची खूण पुसलेली होती.

पुण्यतिथीच्या दिवशी नगरपालिकेसमोर मांडव घातला होता. धुळ्याहून कर्णा आणला होता, आणि त्याची जोडणी करणारा माणूस सकाळपासून एकच शब्द शंभर वेळा बोलून गावाला वात आणत होता. पुखराजशेठच्या तसबिरीला झेंडूचा हार होता. बेचाळीसच्या चळवळीत शेठच्या डोक्यात पोलिसाची काठी बसली त्याची खूण फोटो काढणाऱ्यानं नीट घालवून टाकली होती. वक्ते एकामागून एक उठले. शेठनं नळ आणले, मुलींची शाळा काढली, शेठ असे, शेठ तसे. हे सगळं खरं होतं, आणि भाईदास पोलिसांच्या रांगेत ताठ उभा राहून ते ऐकत होता. घामानं पट्टा कमरेला चिकटला होता. त्याला वाटलं, हा माणूस स्वतः काठी खाऊन बसला होता, म्हणून त्याला खाली ठेवलेली काठी दिसली. बाकी सगळ्यांना खाली बसलेला शिपाई दिसला. इतकी साधी गोष्ट समजायला आपल्याला सात वर्षं आणि एका माणसाचा हात लागला. डीएसपी साहेब खुर्चीत मागं रेलून घड्याळ पाहत होते. मांडवाच्या कडेला, चहाची गाडी सोडून, जीवरामही येऊन उभा होता. गावात फुकटचा कर्णा वाजला की सगळेच येतात.

नाव पुकारलं गेलं. भाईदास पायऱ्या चढला, सलाम ठोकला. शेठची विधवा गुलाबबाई डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून उभी होती आणि तिच्या हातात निळ्या मखमलीच्या डबीत पदक होतं. तिनं ते पुढं केलं. भाईदासनं हात पुढं केले नाहीत.

"बाईसाहेब, हे माझं नाही," तो हळू म्हणाला.

तिनं पदर थोडा वर सरकवला. "तू चारशे सतरा ना?"

"आज मी. त्या दिवशी दुसरा होता. तो जिवंत आहे."

"मग तू इथं वर कशाला आलास?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हेच सांगायला आलो." फौजदार साहेब खुर्चीतून अर्धे उठलेले त्याला दिसले. तो कर्ण्याच्या दांड्याकडं वळला. आयुष्यात कधी तो त्यात बोलला नव्हता. पहिला शब्द इतका मोठा परत आला की तो दचकला, आणि मग दचकणं संपलं. त्यानं सांगितलं की एकोणपन्नास साली काठी खाली ठेवली ती सुपडूनं, आणि तो आज सावद्याला केळीच्या वखारीत राखण करतो. त्याच कामासाठी त्याला काढला, आणि त्याच्या कागदावर भ्याडपणा असं लिहिलं. "तो शब्द खोटा आहे. मी त्याच्यानंतर त्याच नंबरावर आलो. मला भ्याड म्हणू नये म्हणून मी काठी चालवली. चोपन्नच्या संपात एका माणसाच्या पायात दोरी अडकली होती. मला ती दिसली होती. तरी मी त्याचा हात मोडला. भ्याडपणा लिहायचाच तर तो तिथं लिहा. तो माणूस जीवराम. आज इथंच आहे."

मागच्या बाजूला एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, "हा, तो सुपडूच व्हता. मी व्हतू ना तथी," आणि शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. गुलाबबाईनं डबी मिटली आणि दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली. "सावदा," ती स्वतःशी म्हणाली, पाठ करून ठेवावं तसं. डीएसपी साहेबांनी दातांत बोलावं तसं म्हटलं, "खाली उतर. पट्टा फौजदाराकडं जमा कर." भाईदासनं सलाम केला. पट्टा त्यानं तिथंच सोडला, फौजदार साहेबांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो घेताना त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. व्यासपीठाला मागंही एक जिना होता. तो पुढच्या पायऱ्यांनी उतरला, लोकांत. लोकांनी वाट दिली. कुणी पाठीवर हात ठेवला नाही, कुणी शिवीही दिली नाही. वाट सरळ मांडवाच्या कडेला जात होती, आणि तिथं जीवराम उभा होता. चार वर्षांत पहिल्यांदा भाईदासनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. माणूस त्याला वाटला होता त्यापेक्षा तरुण होता.

माफी मागायचे शब्द त्यानं सावद्याहून परतताना गाडीत जुळवले होते. त्यातला एकही आला नाही. जीवराम वाकड्या हातानं उपरण्याचं टोक खांद्यावर टाकत म्हणाला, "नाव अर्धंच सांगं, जमादार. गावमां तीन जीवराम शेत. बापनं नाव ऱ्हाई गयं."

"काय नाव बापाचं?"

"भटू."

भाईदास वळला. व्यासपीठावर फौजदार साहेब कर्णा बंद करायला सांगत होते, आणि धुळ्याचा माणूस तारा चाचपत होता. त्याला बटण लवकर सापडू नये, एवढीच आता भाईदासची इच्छा होती. कमरेचा मोकळा सदरा हातानं सावरत तो गर्दीतून धावला आणि त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.